छत्तीसचा आकडा

आम्ही फरशी पालथी मांडतो.
चकाकी जमिनीकडे, पाठ आपल्याकडे.
सगळे तुकडे सारखेच दिसतात, भाजक्या मातीचे.
कुठला निळा, कुठला हिरवा, ते डोक्यात असतं.
वरून गिलावा ओतायचा, वाळू द्यायचा,
आणि उलटवलं की फेजमधली माणसं म्हणतात, वा.

तांजाहून एक गिऱ्हाईक आलं होतं.
कारंज्याला नुसते पंचकोन हवेत म्हणालं,
समभुज, सगळे एका मापाचे,
मध्ये दुसरा तुकडा नको, फट नको.
मुअल्लिम बूश्तानं हातोडी खाली ठेवली नाही.
"जमलेलं नाही," म्हणाला, "आजवर."
लग्नाआधीचे तीन हिवाळे त्यानं त्यात घातले होते.
कोपऱ्यातली टोपली त्याच हिवाळ्यांची.
तिला कुणी हात लावायचा नाही.

गिऱ्हाईक म्हणालं, आणखी एक हिवाळा घाला. पैसे देतो.

तामू तेव्हा चौदाची. बापासाठी पाव आणि मसूर घेऊन आलेली.
बापलेकीत तसाही छत्तीसचा आकडा.
भट्टीशी ऑलिव्हच्या बिया जळून पडलेल्या असतात,
त्यातली एक उचलून तिनं जमिनीवर पंचकोन काढला.
वाकडाच.
एका कोपऱ्यातून दोन रेघा. तीन त्रिकोण झाले.
त्यांचे पाचशेचाळीस, पाचांत वाटले,
कोपऱ्याला एकशेआठ.
"तीन कोपरे एकत्र आणले की तीनशेचोवीस.
चौथा मावत नाही. छत्तीस उरतात.
कोपरा कडेला टेकवलास तर बहात्तर उरतात.
जमणार नाही, बा."

जमलं नाही, जमणार नाही.
मी अठराचा होतो, मला दोन्ही सारखंच ऐकू आलं.
बूश्ताला नाही. त्याच्या वाक्यातला 'आजवर'
पोरीनं एका घावात उडवला होता.

"कुणी करून पाहिलं?"
"कुणी नाही."
"तू?"
"मला हातोडी कधी धरू दिलीस?"
"तुझा पंचकोन वाकडा आहे."
"असू दे. मी त्याच्याबद्दल बोलतच नाहीये."

मग तो बाजारात घासाघीस करावी तसा विचारत सुटला.
माती वाळवंटातली घेतली तर?
आच कमी दिली तर?
मराकेशमध्ये? समुद्राच्या तळाशी? चंद्रावर?
माझ्या आजोबाच्या हातून?
तामू नुसती मान हलवत होती.
"आणि माणूस जन्मायच्या आधी?"
इथं ती थांबली. पावाचा तुकडा तोडला, खाल्ला नाही.
"तेव्हाही छत्तीसच.
मोजायला कुणी नव्हतं, एवढंच."

बूश्ता उठला. गुडघे वाजले.
टोपली ओढून त्यानं तीन पंचकोन जुळवले,
मध्ये ती फट, चिमणीच्या चोचीएवढी.
न बघता चांदणीचं एक टोक उचललं आणि आत सरकवलं.
घट्ट बसलं. केसही जाईना.

"हे तुला कसं माहीत?"
"माहीत कुठलं? बसतं."

तिनं कोनमापक काढलं नाही.
डोळे मिटले, ओठ हलले,
बहुधा चांदणीची टोकं मोजत असावी, हवेत.
"बसायलाच हवं," म्हणाली.
मग दोघांनी एका ताटात मसूर खाल्ली.
कुणीच काही बोललं नाही.

गिऱ्हाईक मेकनेसला गेलं. पुढचं ठाऊक नाही.
बूश्ता गेला, टोपली मला मिळाली.
तामू रबातला मुलींना गणित शिकवते,
ईदला फोन करते, गुडघ्यांची चौकशी करते.

मला आता सगळं समजतं. कोळशानं काढूनही दाखवतो पोरांना,
एकशेआठ, तीनशेचोवीस, उरले छत्तीस.
तरी कधी संध्याकाळी, पोरं गेल्यावर,
ऐन नोकबीतला धूर खाली बसला की
टोपलीतून तीन पंचकोन काढतो,
टोकाला टोक लावतो
आणि वाकून बघतो.

आहे.